वाढव

१९८४ सालच्या फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी चार नंबरच्या कॉटवरच्या दिवट्यांनी मला विचारलं, "शिष्टर, पिकअप आला का न्हाई अजून?"

"आला की. परवा साठ होतं बीपी, आज एकशेचार आहे."

"मग घाट चढल का?"

"घाट कशाला चढायचाय लगेच? थोडे दिवस सपाटीवरून चला."

"सपाटीवरनं?" त्यांची बायको हौसाबाई पायथ्याशी बसून त्यांचे तळवे चोळत होती. "ह्या माणसाला सपाटी ठावं तरी हाय का? जेवायला बसलं तरी चौथ्या गिअरात असतंय."

दिवटे हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

रघुनाथ दिवटे एसटीत ड्रायव्हर होते. वय सेहेचाळीस, दोन मुली, धाकटी सातवीत. मंगळवारी दुपारी विट्याच्या स्टँडवर गाडी लावून खाली उतरले आणि कंट्रोलरच्या खिडकीपाशी बसले ते त्यांना उठता येईना. कंडक्टरने आणि दोघा प्रवाशांनी त्यांना उचलून डॉक्टर खांबेट्यांच्या दवाखान्यात आणलं. हृदयविकाराचा झटका होता. हातपाय गार, घामाने बनियन भिजलेला, नाडी बोटाला लागत नव्हती.

मी त्या दवाखान्यात नऊ वर्षं नर्स होते. वीस खाटा, ऑपरेशनची एक खोली आणि ईसीजीचं एक मशीन, एवढाच पसारा. असा पेशंट एरवी आम्ही सांगलीला पाठवला असता, पण हा वाटेतच गेला असता. पुण्याहून एम.डी. होऊन नुकतेच आमच्याकडे लागलेले मोडक डॉक्टर म्हणाले, "इथंच ठेवू. डोपामिन मागवा." आमच्याकडे हे नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. इंजेक्शनं सांगलीहून संध्याकाळच्या गाडीने आली. ती गाडी दिवट्यांच्याच एका सोबत्याने आणली आणि म्हणे वाटेत एकही थांबा घेतला नाही.

आता असल्या औषधाला यंत्र असतं, आकडा लावला की झालं. तेव्हा काचेची बाटली उलटी टांगायची, घड्याळाच्या सेकंदकाट्यावर डोळा ठेवून थेंब मोजायचे आणि नळीवरचं चाक अंगठ्याने फिरवायचं. मिनिटाला बारा थेंब. दर अर्ध्या तासाला बीपी. हे काम मी माझ्या हाताखालच्या मल्याळी नर्सला, एलीला दिलं होतं. तिचा अंगठा माझ्यापेक्षा स्थिर होता.

साडेनऊला मोडक राउंडला आले.

"काय दिवटे, इंजिन काय म्हणतंय?"

"डाक्टर, ह्या बाटलीत हाय तरी काय? शिष्टर काय सांगत न्हाईत."

"याला आयनोट्रोप म्हणतात."

"कसली तोफ?"

एलीला तोफ कळली नाही, पण हौसाबाई हसली म्हणून तीही हसली. मोडक कॉटच्या कडेला टेकले. शिकवायची हौस होती त्यांना. "हृदय म्हणजे स्नायूच आहे, तुमच्या दंडातल्या बेटकुळीसारखा. तो आवळला की रक्त पुढे जातं. त्या आवळण्याचा जोर ज्याने कमीजास्त होतो ते आयनोट्रोप."

"कमी बी हुतो?"

"हो तर. जोर चढवणारी असतात तशी उतरवणारीही असतात. दोन्हींना नाव एकच. तुमचं चढवणारं आहे."

"म्हंजी अॅक्सिलेटर बी त्योच आन् ब्रेक बी त्योच? असल्या गाडीवर म्या न्हाई बसायचा, डाक्टर."

"बसलायत की दोन दिवस," मोडक उठत म्हणाले. "बीपी असंच राहिलं तर दुपारपर्यंत हे काढून टाकू."

दाराशी फरशी पुसणाऱ्या गजराबाईने जीभ चावली. मीही चपापले. मोडक नवीन होते. 'काढून टाकू' हा शब्द खांबेट्यांच्या वॉर्डात उच्चारायचा नसे.

घरात बांगडी फुटली तर वाढली म्हणायचं, संध्याकाळी दुकान बंद केलं तर वाढवलं म्हणायचं, ही रीत सगळ्यांचीच. आमच्या डॉक्टरांनी ती दवाखान्यात आणली होती. आजारी माणसाच्या कानावर 'संपलं', 'बंद', 'काढ' पडता कामा नये, नातेवाइकांसमोर इंग्रजी बोलता कामा नये. सलाईन संपलं की ते वाढलं. काढायचं असलं की डॉक्टर म्हणत, "प्रमिला, दोन नंबरचं वाढव." आणि जोर करायचा असला की, "थेंब जास्त कर." एकदा जवळच्या खेड्यातल्या एका पैलवानाला टेबलावर झोपवून ते मला म्हणाले, "याचे टाके वाढव," तर तो टेबलावरून उडी मारून थेट रस्त्यावर गेला. धोतर सावरत. आठ टाके तसेच घेऊन. त्याला परत आणायला कंपाउंडरला सायकलवर पाठवावं लागलं. आम्ही आठवडाभर हसत होतो.

एली आली तेव्हा मी तिला पहिल्या आठवड्यात जे शिकवलं त्यात हे होतं.

एलिकुट्टी तिचं पूर्ण नाव. कोट्टायमजवळच्या खेड्यातली, बावीस वर्षांची. येऊन दहा महिने झाले होते. तिची थोरली बहीण कुवेतला नर्स होती आणि तिने एलीसाठी तिथे जागा बोलून ठेवली होती. हवं होतं ते फक्त एका वर्षाच्या अनुभवाचं सर्टिफिकेट. आम्ही दोघी दवाखान्यामागच्या खोलीत राहायचो. रोज झोपताना ती कॅलेंडरवरची तारीख खोडायची आणि मला सांगायची, "चेची, एकसष्ट राहिला." चेची म्हणजे थोरली बहीण. मी म्हणायची, "राहिला नाही गं, राहिले." ती ते वहीत लिहून घ्यायची. शाळेची दुरेघी वही होती. मराठी शब्द तिच्या लिपीत आणि पुढे अर्थही तिच्याच लिपीत. आलं, गेलं, दुखतं, ठणकतं, कळ मारते, भरून येतं. दुखण्याला मराठीत इतके शब्द कशाला, असं ती मला विचारायची.

माझंही एक ठरलेलं होतं. मार्चअखेर मेट्रन भागवतबाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी डॉक्टर मला नेमणार होते. नवऱ्याने सोडल्यानंतर माझं म्हणावं असं काही नव्हतं. त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरला मी मनातल्या मनात पडदे लावून ठेवले होते.

त्या गुरुवारी डॉक्टरांच्या मुलीचा साखरपुडा होता, सांगलीला. डॉक्टर आदल्या दिवशीच गेले होते. भागवतबाईंना आणि मला न्यायला सकाळी जीप येणार होती. मी ड्युटीवरच कोयरीच्या काठाची नवी साडी नेसले आणि वरून एप्रन चढवला. हौसाबाईने काठ हातात धरून बघितला.

"शिष्टर, आज लगीन तुमचंच हाय जणू."

"झालंय ते. एकदा पुरे."

अकराला जीप आली. भागवतबाई आधीच चढून बसल्या आणि खालून हाका मारू लागल्या. मी एप्रन सोडत व्हरांड्यात आले तेवढ्यात मोडक दिवट्यांच्या खोलीतून बाहेर पडले. दार ओढून घेत हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, मी आत्ता घेतलं, चौऱ्याऐंशी आहे. पडतंय. डोपामिन वाढवा. मिनिटाला वीस थेंब. मी ओपीडीत आहे, पन्नास माणसं बसलीत. काही वाटलं तर बोलवा."

"बरं."

ते निघून गेले. खालून पुन्हा हाक आली, "प्रमिला, अगं मुहूर्त टळेल!"

मी चार नंबरचं दार हाताने ढकललं. एली पाठमोरी होती, दिवट्यांची उशी नीट करत होती. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "एली, यांचं डोपामिन वाढव. डॉक्टरांनी सांगितलंय."

तिने वळून बघितलं. तिचा चेहरा फुलला. "हो, चेची! छान दिसते साडी."

मी जिना उतरले.

वीस थेंब म्हणायचं राहिलं. उंबरा ओलांडून आत गेले असते तर चाक मीच फिरवलं असतं, अर्ध्या मिनिटाचं काम.

सांगलीला मंगल कार्यालयात सनई चालू होती. अंगठ्या घातल्या, पेढे वाटले, आम्ही बायकांच्या पंगतीला बसलो. सव्वाला डॉक्टरांना आतल्या खोलीत फोन आला. ते बाहेर आले तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. व्याह्यांना त्यांनी हाताला धरून बसवलं, आग्रह करून जिलबी वाढली, पंक्तीतून दोनदा फिरले. माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "पोटभर जेव प्रमिला. मग आपण दोघं पुढे जाऊ. बाई येतील मागून."

गाडी ते स्वतः चालवत होते. तासगावचा फाटा मागे पडला.

"तुझा चार नंबर गेला," मग म्हणाले. "पावणेएकला."

माझ्या मांडीवर पेढ्यांचा पुडा होता, एलीसाठी आणि गजराबाईसाठी घेतलेला.

"मोडक सांगतो, तो पोचला तेव्हा बाटली काढून ठेवलेली होती. सुई पण काढलेली. शीर सापडेना, पायाला छेद देऊन शोधली तोवर उशीर झाला. कोणी काढली?"

"मी... डॉक्टर, मी तर वाढव सांगितलं होतं."

"कोणाला?"

"एलीला."

गाडीचा वेग कमी झाला. त्यांनी कडेला घेतली नाही, पण मागचा ट्रक हॉर्न देत पुढे निघून गेला. डॉक्टर समोर बघत होते. त्यांना समजलं होतं. त्यांचा शब्द होता तो. तीस वर्षं त्यांनीच त्या भिंतींना शिकवलेला.

"मोडक काय म्हणाला होता तुला?"

"वाढवा म्हणाले."

"म्हणजे तू त्याचाच शब्द पुढे दिलास. तोच शब्द."

"हो."

"थेंब किती ते सांगितलंस?"

मी मांडीवरचा पुडा घट्ट धरला.

"सांगितलं असशील," डॉक्टर म्हणाले. "तू कधी विसरत नाहीस."

मग विटं आलं. पेढ्यांच्या पुड्याला तूप सुटून माझ्या नव्या साडीला डाग पडला होता. तो दवाखान्याच्या पायरीवर उतरताना दिसला.

आवारात खाकी कपड्यांतले पंधरावीस ड्रायव्हर-कंडक्टर उभे होते. हौसाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती, शेजारी दोघी मुली. ती रडत नव्हती. थोरली मुलगी रडत होती आणि हौसाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, सकाळी तळवे चोळत होती तसाच.

डॉक्टरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. मोडक खिडकीपाशी उभे होते, त्यांच्या बाह्यांवर रक्ताचे डाग होते. एली दारात. तिचे डोळे सुजले होते, पण मला बघून तिचा श्वास सुटल्यासारखा झाला. आता चेची आली, सगळं सांगेल, असं तिला वाटलं असणार.

"बाटली कोणी काढली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी काढली, सर," एली म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"चेचीने. सिस्टरने. वाढव म्हणाली."

"मग वाढवली का नाहीस?"

"वाढवली सर! वाढव म्हणजे काढायचं." ती एकदा डॉक्टरांकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "सर पण तेच म्हणतात. दोन नंबर वाढव, सात नंबर वाढव. सकाळी मोडक सर पण बोलले, दुपारी काढू. मला वाटलं पेशंट बरा झाला. मी त्यांच्या मिसेसला पण सांगितलं, आता औषध नको, बरे आहेत."

"वाढव म्हणजे काढ?" मोडक म्हणाले. "हे कुठलं मराठी?"

एलीने एप्रनच्या खिशातून वही काढली. पानं उलटताना तिची बोटं ओली होती, कागद चिकटत होते. तिने एका ओळीवर बोट ठेवलं आणि वही मोडकांपुढे धरली. "हे बघा सर. पहिला आठवडा. चेचीने सांगितलं ते लिहिलं."

मोडकांनी वही घेतली, उलटी धरली, सुलटी धरली. गोल गोल अक्षरांचं ते पान आम्हा तिघांपैकी कोणालाच वाचता येत नव्हतं. त्यांनी ती डॉक्टरांकडे दिली. डॉक्टरांनी चष्मा न लावताच वहीकडे पाहिलं आणि मिटून टेबलावर ठेवली.

तेवढ्यात गजराबाई चहा घेऊन आली. मोडकांनी तिला थांबवलं. "मावशी, इथे 'सलाईन वाढव' म्हणजे काय म्हणतात हो?"

गजराबाईने कपबशा टेबलावर मांडल्या. एकदा डॉक्टरांकडे बघितलं. अठरा वर्षं ती त्या दवाखान्यात होती, तो शब्द तिने माझ्याही आधी ऐकला होता.

"मला काय कळतंय त्यातलं, साहेब," ती म्हणाली. "म्या आपली फरशी पुसती."

ती गेली. डॉक्टर माझ्याकडे वळले. आवाज शांत होता, टेबलाच्या कडेवर दोन्ही हात.

"प्रमिला, तू हिला असं शिकवलंस?"

इतक्या वर्षांत मी त्या क्षणाला पुष्कळ कारणं जोडून बघितली आहेत. बाहेरची माणसं. डॉक्टरांचं नाव. माझं वय, माझं एकटेपण. पण खरं सांगायचं तर तेव्हा मनात काहीच नव्हतं. उत्तर अगदी सहज आलं, तयारच होतं जसं.

"नाही, डॉक्टर."

एलीने मान थोडी पुढे केली, कमी ऐकू येणारं माणूस करतं तशी.

"थेंब किती करायचे तेही सांगितलं होतंस ना?"

"हो. वीस."

"झालं तर," डॉक्टर म्हणाले.

मोडक माझ्याकडे बघत राहिले. त्यांना शंका आली असावी. पण पन्नास माणसांच्या ओपीडीत बसून त्यांनीही पाऊण तास त्या खोलीकडे फिरकून बघितलं नव्हतं. ते खिडकीकडे वळले आणि बाह्या दुमडू लागले.

डॉक्टर बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे. त्यांनी हात जोडले. म्हणाले, औषध चालू ठेवायला सांगितलं होतं, वाढवायला सांगितलं होतं, पण नर्स परमुलखातली आहे, तिला भाषा समजली नाही. चूक आमची, अशी मुलगी ठेवली ही चूक. ती उद्यापासून इथे दिसणार नाही. ड्रायव्हरांमध्ये कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, मराठी येत न्हाई तर घेता कशाला? कोणीतरी शिवी दिली. मग आवाज कमी झाले. डॉक्टर त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी रात्री-अपरात्री गेलेले होते.

हौसाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. ती उठली आणि पदर सारखा केला.

"भासा कळत न्हवती?" ती डॉक्टरांना म्हणाली. "आवं, सकाळधरनं माझ्यासंगं बोलत हुती ती. माझ्या धाकटीची शाळा इचारली. ह्यांच्या गावची जत्रा इचारली. तिला कळत न्हवतं तर कळत हुतं ते काय?"

डॉक्टरांनी पुन्हा हात जोडले. हौसाबाईने त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं, पाहतच राहिली. मग म्हणाली, "ती पोरगी तेवढी रडली. तुमच्यातलं दुसरं कोन न्हाई रडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीने एलीला जायचं होतं. मी ड्युटी संपवून खोलीत आले तेव्हा ती पत्र्याची ट्रंक भरत होती. कॅलेंडर भिंतीवरच होतं. मी कॉटवर बसले. ती पांढरे मोजे एकात एक घालून गोळे करत होती.

"चेची," ती मान वर न करता म्हणाली. "एक विचारते. मला खरंच माहीत नाही म्हणून."

"विचार."

"वाढव म्हणजे काय?"

बाहेर कोणी तरी हापशावर घागर भरत होतं. ती भरून होईपर्यंत मी थांबले.

"दोन्ही," मी म्हटलं.

"दोन्ही." तिने मान हलवली. मोज्यांचा गोळा ट्रंकेत ठेवला. "मग ते तिथे का नाही सांगितलं?"

तिने ट्रंकेचं झाकण लावलं, कडी बसेना, तर गुडघा टेकून बसवली. मी मदतीला उठले तेव्हा ती म्हणाली, "राहू दे, सिस्टर."

दहा महिन्यांत तिने मला सिस्टर म्हटलं नव्हतं.

या सगळ्याला एक्केचाळीस वर्षं झाली. मोडक त्याच वर्षी दिवाळीनंतर पुण्याला परत गेले. तिथे त्यांचं मोठं नाव झालं. वर्तमानपत्रात एकदा त्यांचा फोटो आला होता, हृदयविकारावर व्याख्यान देताना. गजराबाई ज्या फरशीची गोष्ट करत होती त्याच फरशीवर पाय घसरून पडली, खुबा मोडला, आणि लेकाकडे आटपाडीला जाऊन वारली. डॉक्टर खांबेटे चौऱ्याऐंशी वर्षांचे होऊन गेले. त्यांनी तो शब्द त्या दिवसानंतर कधीही वापरला नाही, 'काढ' म्हणायचे, स्पष्ट, पेशंटच्या तोंडावर. का, असं कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दवाखाना आता मुलीच्या मुलाने पाडून तिथे मजले चढवलेत. हौसाबाईला एसटीने डेपोत कामाला घेतलं. पुढे कधी बाजारात समोर आली तर ती थांबायची, मी पलीकडच्या बाजूने निघून जायची. तिची धाकटी शिक्षिका झाली असं ऐकलं.

मी एप्रिलमध्ये मेट्रन झाले आणि बावीस वर्षं राहिले. क्वार्टरला पडदे लावले, पोपटी रंगाचे. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली सांगतील, बाई कडक होत्या, तोंडी ऑर्डर चालायची नाही, प्रत्येक थेंब कागदावर लिहून मागायच्या. मला त्या शिस्तीबद्दल जिल्हा पातळीवर एक शाल-नारळही मिळाला.

एलीचं सांगते. १९८६ साली एक लांबट पाकीट आलं, मेट्रनच्या नावाने. मुंबईतल्या एका एजन्सीचं होतं. आपल्याकडे एलिकुट्टी नावाची परिचारिका दहा महिने कामाला होती असं ती सांगते, तिला परदेशी नेमणुकीसाठी आपला अभिप्राय हवा आहे, सोबतचा फॉर्म भरून पाठवावा. वर्तणूक, कामातली काळजी, सोडण्याचं कारण. खाली सहीची जागा आणि माझ्या हुद्द्याचा शिक्का मारायला चौकोन. मी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "तुला वाटेल ते लिही."

मी तो फॉर्म तीन दिवस टेबलावर ठेवला. शिक्क्याची शाई वाळली होती, ती पाणी घालून ओली केली. खोटं लिहायचं नव्हतं. खरं लिहिलं असतं तर सोडण्याच्या कारणापुढे माझं नाव लिहावं लागलं असतं. चौथ्या दिवशी मी तो कागद फायलीत लावून टाकला.

महिन्याभराने त्यांचं स्मरणपत्र आलं. तेही फायलीत लावलं. त्यानंतर कोणी विचारलं नाही.